पीएसए आणि एनके पेशींची तपासणी: दोन्ही रक्ताच्याच, पण प्रश्न वेगळे

'आता पीएसए करायची गरज नाही, पांढऱ्या पेशींवरूनच प्रोस्टेटचा कॅन्सर कळतो.' हे मी नात्यात, सोसायटीत, बागेतल्या बाकावर इतक्यांदा ऐकलंय की एकदा नीट लिहूनच काढते.

पीएसए बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. प्रोस्टेट, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, तयार करते ते हे प्रथिन. वीर्य पातळ करणं हे त्याचं काम आणि त्यातलं थोडं रक्तात उतरतं. वयानं ग्रंथी वाढली, तिला सूज आली, लघवीत जंतुसंसर्ग झाला किंवा लघवीची नळी घातली, तरी आकडा चढतो. म्हणजे हा आकडा प्रोस्टेटचा आहे, कॅन्सरचाच असं नाही. 4 ते 10 (नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर) मध्ये आकडा असलेल्या साधारण चौघांपैकी एकाच्या बायोप्सीत, म्हणजे ग्रंथीचा तुकडा काढून केलेल्या तपासणीत, कॅन्सर निघतो. उलटंही होतं: प्रोस्टेटसाठी फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइडची गोळी काही महिने चालू असेल, तर पीएसए जवळजवळ निम्मा दिसतो. ती गोळी चालू असल्याचं डॉक्टरांना न सांगता 'रिपोर्ट नॉर्मल आला' म्हणून निश्चिंत होणारे लोक पाहिले की मला फार काळजी वाटते.

आता पेशींची तपासणी. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी 2020 मध्ये 'ईलाइफ' नियतकालिकात एक अभ्यास मांडला. गाठ शरीरात असली की प्रतिकारशक्तीच्या पेशींवर तिचा परिणाम होतो, हा त्यामागचा विचार. त्यांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशींचा एक प्रकार, नॅचरल किलर म्हणजे एनके पेशी घेतल्या. पेशींच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना चमकणारी प्रतिपिंडं चिकटवायची, मग एकेक पेशी लेझरसमोरून सोडायची आणि कोणती किती चमकते ते यंत्रानं टिपायचं. याला फ्लो सायटोमेट्री म्हणतात. त्या माहितीतून संगणकानं कॅन्सर असलेले आणि नसलेले वेगळे ओळखता येतील अशा आठ खुणांचा एक संच निवडला.

सगळा घोळ होतो तो पुढे. ही तपासणी झाली कुणावर? 72 पुरुषांवर. त्रास कुणालाच नव्हता, पण सगळ्यांचा पीएसए माहीत होता, 20 च्या आत होता, आणि सगळे बायोप्सीपर्यंत पोचलेले होते. त्यातल्या 41 जणांना कॅन्सर निघाला, 31 जणांना नाही. म्हणजे प्रश्न 'कुणाला कॅन्सर असेल?' हा नव्हताच. 'ज्यांच्याबद्दल शंका आलीच आहे, त्यांच्यातला खरा रुग्ण कोणता?' हा होता. पीएसए शंका उपस्थित करतो, ही तपासणी शंका आलेल्यांतून खरे रुग्ण निवडून काढायला आहे. ती पीएसएच्या जागी बसत नाही, त्याच्यानंतर बसते.

हा फरक किती मोठा आहे ते हिशोबानं बघा. समजा, एखादी तपासणी शंभर रुग्णांतले 80 पकडते आणि शंभर निरोगी माणसांतल्या 80 जणांना बरोबर सोडते. (आकडे फक्त उदाहरणासाठी.) त्या 72 जणांवर लावली तर 39 जण 'पॉझिटिव्ह' येतील आणि त्यातले 33 खरे असतील. आता तीच तपासणी 1000 पुरुषांवर लावा, ज्यांच्यात समजा 20 रुग्ण आहेत. 16 रुग्ण सापडतील, पण त्यांच्याबरोबर 196 निरोगी माणसं बायोप्सीच्या रांगेत उभी राहतील. तपासणी तीच, नळीही तीच. बदलली ती समोरची माणसं. म्हणूनच सरसकट 'फुल बॉडी चेकअप'मध्ये अशी तपासणी घालायला माझा स्पष्ट विरोध आहे.

सीबीसीचा, म्हणजे रक्तातल्या पेशींच्या नेहमीच्या मोजणीचाही गोंधळ होतोच. माझ्या सासऱ्यांनी एकदा रिपोर्ट पुढे केला. लिम्फोसाइट्सच्या (पांढऱ्या पेशींचा एक गट) आकड्याभोवती बॉलपेननं दोनदा गोल केलेला. 'या कमी झाल्यात, म्हणजे प्रोस्टेटचं काहीतरी आहे ना?' नाही, बाबा. जांभळ्या झाकणाच्या नळीतून होणारं सीबीसी पेशी मोजतं, आणि एनके पेशी त्यात लिम्फोसाइट्सच्याच खात्यात जमा होतात, वेगळ्या दिसतसुद्धा नाहीत. एनके पेशींच्या तपासणीत प्रश्न 'किती' हा नसून पेशीच्या अंगावर कोणती प्रथिनं आहेत हा आहे. साध्या तापानं किंवा स्टेरॉइडच्या गोळीनंही सीबीसीचे आकडे हलतात.

बाकी फरक किरकोळ. पीएसएचं सीरम (रक्तातला पेशी काढलेला द्रव) गोठवून ठेवता येतं, पेशी मात्र जिवंत हव्यात, म्हणून रक्त लवकर प्रयोगशाळेपर्यंत पोचावं लागतं.

पीएसए वाढलेला आला तर माझं मत ठाम आहे: लघवीचा संसर्ग आहे का ते आधी बघा, काही आठवड्यांनी पीएसए पुन्हा करा, मग यूरोलॉजिस्टच्या सल्ल्यानं एमआरआय, आणि गरज असेल तरच बायोप्सी. एनके पेशींची तपासणी मोठ्या संख्येच्या रुग्णांवर खरी उतरली, तर तिची जागा या बायोप्सीच्या आधीच्या पायरीवर आहे. सासऱ्यांना मी तेव्हा एवढंच विचारलं, 'पीएसए केलाय का?' केलेला नव्हता.