पार्श्वभूमी: ॲरेच्या पोटातल्या सिरियलाइझ्ड स्ट्रिंग आणि ‘डबल सिरियलायझेशन’चा वाद

ॲरे म्हणजे किमतींची (व्हॅल्यूंची) यादी, आणि ती साठवण्यासाठी मजकुराच्या एका स्ट्रिंगमध्ये बदलणं म्हणजे सिरियलाइझ करणं. ‘सिरियलाइझ्ड ॲरे’ हा शब्द पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेत काम करणारे दोन अर्थांनी वापरतात आणि निम्मा गोंधळ तिथेच होतो. अख्खा ॲरे सिरियलाइझ केला असेल तर तो एकदा उघडला की काम संपलं. पण ॲरेच्या आतल्या किमतीच सिरियलाइझ्ड असतील, तर प्रत्येक पातळीवर उतरून स्ट्रिंग उघडावी लागते आणि आतून नवा ॲरे निघाला की त्यातही शिरावं लागतं. पीएचपीतलं तयार फंक्शन ‘ॲरे वॉक रिकर्सिव्ह’ या नव्या ॲरेत उतरत नाही. त्यामुळे रिकर्सिव्ह, म्हणजे स्वतःलाच पुन्हा बोलावणारं, फंक्शन हातानेच लिहावं लागतं.

अशा किमती येतात कुठून? बहुतेक वेळा वर्डप्रेस या वेबसाइट चालवणाऱ्या प्रणालीच्या डेटाबेसमधून. प्लगिन (वर्डप्रेसला जोडायचा छोटा प्रोग्राम) लिहिणारा आपला ॲरे स्वतःच सिरियलाइझ करून ‘अपडेट ऑप्शन’ या सेटिंग साठवणाऱ्या फंक्शनला देतो. वर्डप्रेस ती सिरियलाइझ्ड स्ट्रिंग ओळखतं आणि मुद्दाम पुन्हा एकदा सिरियलाइझ करतं. हा जुना निर्णय अनेकांना आजही चूक वाटतो. मला तो पूर्ण बरोबर वाटतो. दुसरा थर नसेल, तर कुणीही फॉर्ममध्ये टाइप केलेली सिरियलाइझ्ड ऑब्जेक्टची स्ट्रिंग वाचताना आपोआप उघडली जाईल आणि त्याला हवा तो ऑब्जेक्ट साइटवर तयार होईल.

२०१३ च्या सप्टेंबरात आलेल्या वर्डप्रेसच्या ३.६.१ आवृत्तीने बुजवलेलं भोक याच जातीचं होतं. हल्लेखोर स्ट्रिंगच्या शेवटी चार बाइटचं एक अक्षर जोडायचा. त्यामुळे लिहिताना ती सिरियलाइझ्ड वाटायची नाही आणि दुसरा थर चढायचा नाही. वर्डप्रेसच्या डेटाबेसचं, म्हणजे मायएसक्यूएलचं, जुनं ‘यूटीएफ८’ हे अक्षरं साठवण्याचं एन्कोडिंग एका अक्षराचे तीनच बाइट जाणतं, म्हणून मजकूर त्या अक्षराशी तुटायचा. वाचताना उरलेली स्ट्रिंग अस्सल सिरियलाइझ्ड ठरायची आणि उघडली जायची.

देवनागरी अक्षरचिन्हं तीन बाइटची, म्हणून आपला मजकूर असा तुटत नव्हता. मराठीत डोकेदुखी लांबीची आहे, कारण सिरियलाइझ करताना प्रत्येक स्ट्रिंगची लांबी बाइटमध्ये नोंदली जाते. ‘पुणे’ची नोंदलेली लांबी १२ असते: प, उकार, ण, मात्रा, प्रत्येकी ३ बाइट. डेटाबेसमध्ये थेट शोधून तिथे ‘नाशिक’ घातलं, तर बाइट होतात १५ आणि आकडा राहतो १२. मग स्ट्रिंग उघडणारं ‘अनसिरियलाइझ’ फंक्शन ‘फॉल्स’ देतं. म्हणून आधी उघडायचं, बदलायचं आणि जितके थर होते तितकेच परत चढवायचे.

पीएचपी ७.० मध्ये, २०१५ साली, उघडताना कोणत्या क्लासचे ऑब्जेक्ट बनू द्यायचे हे ठरवणारा ‘अलाउड क्लासेस’ हा पर्याय ‘अनसिरियलाइझ’ला आला. २०१७ मध्ये भाषा सांभाळणाऱ्यांनी ‘अनसिरियलाइझ’मधले दोष सुरक्षादोष म्हणून धरणं थांबवलं, बाहेरचा डेटा त्याला देऊच नये, ही त्यांची भूमिका. रिकर्सिव्ह फंक्शनमध्ये ‘अलाउड क्लासेस’ हा पर्याय ‘फॉल्स’ ठेवायचा, आणि तोही प्रत्येक पातळीवर.