दारूचं व्यसन, दोष आणि सुटका (नागपूर)

दारूचं व्यसन म्हणजे किती प्यायची नि कधी थांबायचं यावरचा ताबा सुटणं, नुकसान दिसत असूनही पीत राहणं आणि नाही मिळाली की हात थरथरणं. नागपुरात कोणी याला आजार म्हणतं, कोणी वाईट सवय, कोणी पाप, आणि माणूस डॉक्टरकडे कधी पोचणार हे बरंचसं त्यावरच ठरतं.

जास्त ऐकू येतं ते "मनावर घेतलं तर आजच सुटते". नाहीतर मग दोष संगतीवर, नाहीतर बायकोवर, तिची कटकट म्हणून तो पितो म्हणे. हा सरळ अन्याय आहे, कोणाच्या बोलण्यानं व्यसन लागत नाही, आनुवंशिकतेचाच वाटा साधारण निम्मा मानतात.

1956 मध्ये दीक्षाभूमीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी दिलेल्या 22 प्रतिज्ञांमध्ये दारू न पिण्याचीही आहे, आणि त्याच वर्षी तिकडे अमेरिकन मेडिकल असोसिएशननं दारूच्या रुग्णांना हॉस्पिटलात दाखल करून घ्यावं असा ठराव केला. प्रतिज्ञेनं बळ येतं हे खरंच, पण ज्याच्या शरीरालाच दारू लागते त्याला प्रतिज्ञेसोबत औषधही लागतं. विदर्भातल्या बायकांच्या आंदोलनांनी दोष दुकानावर ठेवला, गडचिरोलीत 1993 पासून दारूबंदी आहे, चंद्रपुरात 2015 ला आली नि 2021 मध्ये उठली.

दोष देण्यातून जिवावर बेततं ते असं: घरचे चिडून माणसाला खोलीत कोंडतात, "राहा आता बिनदारूचा". रोज भरपूर पिणाऱ्याची दारू अशी एकदम तोडली की पहिल्या दोन-चार दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, माणूस बडबडायला लागतो, कधी दगावतोही, म्हणून हे दिवस डॉक्टरच्या नजरेखालीच काढायचे. न सांगता जेवणात गोळ्या मिसळणं तर त्याहून वाईट, डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठीचं औषध पोटात असताना दारू घेतली तर जीव धोक्यात येतो. मेडिकल नि मेयो ही सरकारी हॉस्पिटलं आणि प्रादेशिक मनोरुग्णालयात उपचार मिळतात, पण त्या शेवटच्या जागेला लोक अजून पागलखाना म्हणतात, त्या लाजेपायी कित्येक जण जातच नाहीत. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात दारूमुळे होणारे मानसिक त्रासही धरलेले आहेत.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे एए, ही दारू सोडू पाहणाऱ्यांची एकमेकांना आधार देणारी संघटना 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झाली, नागपुरातही तिच्या मीटिंगा होतात. तिथं आजाराबद्दल कोणी दोष देत नाही, पण ज्यांना दुखावलं त्यांची भरपाई करणं हे एएच्या दारू सोडण्याच्या बारा पायऱ्यांमध्येच आहे, म्हणजे दोष नाही तरी जबाबदारी आहेच, आणि मारहाण सोसणाऱ्या बायकोला 'तो आजारी आहे' सांगून गप्प बसवता येत नाही. घरच्यांसाठी अल-अनॉन नावाचा गट वेगळा चालतो.

सोडल्यावर पुन्हा पिणं, ज्याला मीटिंगवाले 'स्लिप' म्हणतात, ते बऱ्याच जणांचं होतं. तेव्हा "पाहा, म्हटलं नव्हतं" असं न म्हणता त्याच आठवड्यात डॉक्टरकडे परत न्यावं, किंवा व्यसनमुक्तीच्या 14446 या सरकारी हेल्पलाइनवर फोन करावा.