पुरस्काराआधीच्या चार चाळण्या

ऑक्टोबरात नोबेल पुरस्कार जाहीर झाले की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “आता विज्ञानात मुली भरपूर आहेत, थोडी वाट पाहा, पुरस्कारही आपोआप मिळतील.” यातलं ‘वाट पाहा’ बरंचसं बरोबर आहे. ‘आपोआप’ मात्र मला मुळीच पटत नाही.

भौतिकशास्त्राचं नोबेल 1901 पासून दिलं जातं. 2025 पर्यंतच्या सव्वादोनशेहून अधिक मानकऱ्यांत स्त्रिया पाच: मारी क्युरी (1903), मारिया गोपर्ट-मायर (1963), डॉना स्ट्रिकलँड (2018), अँड्रिया गेझ (2020) आणि अ‍ॅन लुइलिए (2023). आधी 60 वर्षांचं अंतर, मग 55 वर्षांचं, आणि नंतर सहा वर्षांत तिघी. यावरून लाट आली म्हणणं घाईचं आहे. वर्षाला जास्तीत जास्त तीन मानकरी असतात आणि एवढ्या लहान आकड्यांत असे झुबके योगायोगानंही पडतात.

वाट पाहायची ती अशासाठी, की पुरस्कार जुन्या कामाला मिळतो. लेसरचे अतितीव्र स्पंद तयार करण्याच्या पद्धतीवरचा स्ट्रिकलँड यांचा शोधनिबंध 1985 चा, म्हणजे मध्ये 33 वर्षं गेली. आजच्या यादीत दिसते ती पूर्वीची प्रयोगशाळा.

पण सगळा दोष या विलंबाचाच असता, तर गणिताच्या फील्ड्स पदकाचं चित्र वेगळं दिसलं असतं. ते साधारण चाळिशीपर्यंतच्या गणितज्ञांनाच मिळतं, त्यामुळे तिथे विलंब फार नसतो. तरीही 1936 ते 2022 या काळातल्या 64 विजेत्यांत स्त्रिया दोनच. 2014 मध्ये मरियम मिर्झाखानींना पदक मिळालं, त्याआधीचे 52 च्या 52 पुरुष होते. दुसऱ्या मरिना व्याझोव्स्का, 2022 मध्ये.

मग गळती होते कुठे? मला यातलं साधं गुणाकाराचं गणित फार महत्त्वाचं वाटतं. समजा, एका विषयात 100 संशोधक आहेत, 80 पुरुष आणि 20 स्त्रिया. पुरस्कारापर्यंत चार चाळण्या आहेत: कायमची नोकरी, स्वतःची प्रयोगशाळा, नामांकन आणि अंतिम निवड. प्रत्येक चाळणीत स्त्रीची पुढे जाण्याची शक्यता पुरुषाच्या 80 टक्के आहे असं धरू. एकेका टप्प्यावर हा फरक कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही. पण चार चाळण्यांचे चार 0.8 एकमेकांशी गुणले की उरतात 0.41. सुरुवातीला चार पुरुषांमागे एक स्त्री होती, शेवटी जवळजवळ दहा पुरुषांमागे एक. 20 टक्क्यांचे 9 टक्के झाले, आणि कुठल्याही एका समितीकडे बोट दाखवता येत नाही. हे आकडे कल्पित आहेत, गुणाकार मात्र खरा आहे. म्हणून एखादीच चाळणी सुधारून भागत नाही. चारांपैकी एक अगदी निर्दोष केली, तरी हिस्सा 11 टक्क्यांच्या आसपासच पोचतो.

या चाळण्या इतिहासात नावानिशी सापडतात. 1903 च्या भौतिकशास्त्राच्या नोबेलसाठी फ्रेंच विज्ञान अकादमीच्या चार सदस्यांनी पाठवलेल्या शिफारशीत भौतिकशास्त्रज्ञ बेकेरेल आणि मारीचे पती पिएर क्युरी एवढीच नावं होती. स्वीडिश गणितज्ञ मिताग-लेफ्लर यांनी पिएरना हे कळवलं, पिएरनी मारीचा आग्रह धरला, आणि म्हणून तिचं नाव आलं. अणुविखंडनाच्या शोधात वाटा असलेल्या भौतिकशास्त्रज्ञ लिझे माइटनर यांची अडचण नामांकनाची नव्हती. भौतिक आणि रसायन मिळून चाळीसहून जास्त वेळा त्यांचं नाव सुचवलं गेलं होतं. अणुविखंडनासाठीचं 1944 चं रसायनशास्त्राचं नोबेल मात्र एकट्या ओटो हान यांना गेलं. माइटनर यांचं नाव शेवटच्या चाळणीत अडकलं.

स्त्रियांचा मेंदूच गणिताला वेगळा, असं सांगणारे लोक नेमकी ही विजेत्यांची यादी पुरावा म्हणून पुढे करतात. चार चाळण्यांतून उरलेले दाणे मोजून शेतात काय पिकलं होतं ते ठरवता येत नाही. असा दावा मेंदूविज्ञानाच्या भाषेत केला, तरी तो पूर्वग्रहच राहतो.

या चाळण्या मोजायच्या तर नोंदी हाती हव्यात. नोबेलची नामांकनं 50 वर्षं गुप्त ठेवली जातात. स्ट्रिकलँड यांचं नाव कुणी सुचवलं आणि त्या वर्षी आणखी किती स्त्रियांची नावं आली होती, हे तपासायला निदान 2068 पर्यंत थांबावं लागेल.