राणी कलरचं जहाज

‘मॅजेंटा हा रंग अस्तित्वातच नाही, तो मेंदूचा भास आहे’ असं सांगणारे व्हिडिओ अधूनमधून फिरत असतात. या दाव्याला उत्तर द्यायला माझ्या मते सगळ्यात चांगलं उदाहरण आहे एका मालवाहू जहाजाचं. गेटवेहून घारापुरीला लाँचने जाताना पलीकडे न्हावा शेवा बंदर दिसतं. तिथे ‘ओशन नेटवर्क एक्स्प्रेस’ ऊर्फ ‘वन’ या कंपनीचं नवं जहाज लागलेलं असेल, तर ते लांबूनही चुकत नाही. साडीच्या दुकानात ज्याला राणी कलर म्हणतात, त्या रंगाची अख्खी पोलादी भिंत पाण्यातून वर आलेली असते.

निप्पॉन युसेन, मित्सुई ओ.एस.के. आणि के लाईन या तीन जपानी कंपन्यांनी आपापली कंटेनर वाहतूक एकत्र करून 2017 साली ही कंपनी काढली. एप्रिल 2018 पासून तिची जहाजं फिरू लागली. काळ्या, गडद निळ्या आणि तांबड्या जहाजांच्या धंद्यात त्यांनी मॅजेंटा निवडला. 2023 मध्ये आलेलं त्यांचं ‘वन इनोव्हेशन’ जवळजवळ 400 मीटर लांब आहे आणि वीस फुटी कंटेनरच्या हिशेबाने त्यावर 24 हजारांहून जास्त कंटेनर मावतात. एवढ्या मोठ्या पृष्ठभागावर फासलेल्या रंगाला ‘नाही’ कसं म्हणायचं?

दाव्यात खरं आहे ते इतकंच, की मॅजेंटा इंद्रधनुष्यात सापडत नाही. का, ते पाहण्यासारखं आहे. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर रंग ओळखणाऱ्या शंकुपेशी तीन प्रकारच्या असतात. एक प्रकार साधारण 560 नॅनोमीटर लहरलांबीच्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो, दुसरा 530 च्या आसपास आणि तिसरा 420 च्या आसपास. सोयीसाठी त्यांना लांब, मध्यम आणि आखूड म्हणू. यांपैकी कुठलीही एक पेशी एकटीने रंग ओळखू शकत नाही. तिला फक्त प्रकाश किती पोचला एवढंच कळतं. तिघींच्या संदेशांची वजाबाकी पुढच्या चेतापेशी करतात आणि त्या फरकातून रंग ठरतो.

आता एकाच लहरलांबीचा शुद्ध प्रकाश घ्या आणि लाल टोकाकडून जांभळ्या टोकाकडे सरकत चला. सुरुवातीला लांब पेशी जोरात असतात. मग मध्यम पेशी त्यांना गाठतात, आणि त्या ओसरू लागल्यावर आखूड पेशी जोर धरतात. लांब आणि आखूड दोन्ही जोरात, पण मधल्या मात्र मंद, अशी स्थिती एका लहरलांबीने कधीच येऊ शकत नाही, कारण मधली खरोखरच त्या दोघींच्या मध्ये आहे. ती स्थिती आणायला तांबडा आणि निळा प्रकाश एकत्र पाठवून हिरवा गाळावा लागतो. जहाजाच्या अंगावरचा रंग नेमकं हेच करतो. सूर्यप्रकाशातला हिरवा भाग तो शोषतो आणि दोन्ही टोकं परत पाठवतो. डोळ्यात जे तयार होतं, ते मॅजेंटा. न्यूटनलाही हे ठाऊक होतं. 1704 साली छापलेल्या आपल्या प्रकाशावरच्या ग्रंथात त्याने वर्णपटाची पट्टी वाकवून वर्तुळ केलं, आणि लाल-जांभळ्याच्या सांध्यावरचे रंग मिश्रणानेच मिळतात हे नोंदवलं.

घरी पडताळायचं असेल, तर हिरव्या कागदाच्या तुकड्याकडे अर्धा मिनिट टक लावून बघा आणि लगेच नजर पांढऱ्या भिंतीवर न्या. तिथे गुलाबीसर डाग तरंगेल. मध्यम पेशी थकलेल्या असल्यामुळे पांढऱ्या प्रकाशातही लांब आणि आखूड पेशींचं पारडं जड होतं.

मग हा भास का नाही? कारण याच हिशेबाने तपकिरी, राखाडी आणि पांढराही इंद्रधनुष्यात नाहीत. पिवळासुद्धा डोळ्यातच ठरतो. मोबाईलच्या पडद्यावरच्या पिवळ्यात पिवळी लहर जवळपास नसते, तांबड्या आणि हिरव्या ठिपक्यांतून तो उभा राहतो. मॅजेंटाला वेगळा न्याय लावायचं काहीच कारण नाही.

जहाजाच्या रंगावरून शकुन-अपशकुन पाहणंही तितकंच निराधार. ब्रिटिश खलाशांमध्ये हिरवं जहाज अशुभ मानायची जुनी समजूत आहे. मार्च 2021 मध्ये हिरव्या रंगाचं ‘एव्हर गिव्हन’ सुएझ कालव्यात सहा दिवस अडकलं, ते 400 मीटरचं जहाज, अरुंद पात्र आणि जोराचा वारा अशा परिस्थितीत. एव्हरग्रीन कंपनीची तशीच हिरवी जहाजं जगभर रोज सुखरूप ये-जा करतात, त्यांची बातमी होत नाही.

खरा कस लागतो तो हा रंग उन्हात टिकवताना. 1859 साली फ्रान्समधल्या लियाँ शहरात व्हेर्ग्वँ या रसायनशास्त्रज्ञाने अॅनिलीन या रसायनापासून बनवलेला फुक्सिन हा मॅजेंटा रंग कापडावर भडक उठायचा, पण उन्हात उडायचा. बाहेर टिकणाऱ्या मॅजेंटासाठी आज मुख्यतः क्विनाक्रिडोन गटातली रंगद्रव्यं वापरतात. हा रेणू मला फार आवडतो. द्रावणात तो फिकट असतो, त्याला गडद रंग येतो तो स्फटिक झाल्यावर. स्फटिकात शेजारचे रेणू एकमेकांना हायड्रोजन बंधांनी धरतात आणि त्या धरण्याने शोषल्या जाणाऱ्या लहरीच बदलतात. हे स्फटिक वेगवेगळ्या रचनांत बनतात. त्यांतल्या बीटा रचनेत प्रत्येक रेणू दोन शेजाऱ्यांना बांधलेला असतो, तेव्हा रंग जांभळट येतो. गॅमा रचनेत तो बाजेच्या विणीसारखा आडवा-उभा चार शेजाऱ्यांना बांधलेला असतो, तेव्हा तांबडा. रेणू एकच! त्याला दोन्ही बाजूंनी एकेक मेथिल गट (कार्बनचा एक आणि हायड्रोजनचे तीन अणू) जोडला की मिळतो मॅजेंटा, जो छपाईच्या शाईतही जातो. हेच बंध स्फटिकाला पक्कं धरून ठेवतात, म्हणून हा रंग ऊन आणि पाणी दोन्ही सोसतो.

द्रव्य टिकलं तरी त्याला धरणारा राळेचा थर टिकेलच असं नाही. एखाद्या जुन्या कंटेनरवरून हात फिरवलात, तर बोटांना रंगीत भुकटी लागते. अतिनील किरणांनी वरची राळ फुटते आणि आतलं द्रव्य सुटं होतं. इपॉक्सी राळेचा रंग लोखंडाला उत्तम चिकटतो, पण उन्हात लवकर असा भुकटतो, म्हणून तो खालच्या थरांत ठेवून वर अॅक्रिलिक किंवा पॉलियुरेथेनचा हात देतात.

मॅजेंटाची आणखी एक अडचण आहे. क्विनाक्रिडोनचे कण बारीक आणि बरेचसे पारदर्शक असतात, त्यामुळे खालचा थर दिसत राहतो. झाकण्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइडची पांढरी पूड मिसळावी, तर रंग बेबी पिंककडे झुकतो, शिवाय ती पूड नीट लेपित नसेल तर उन्हात स्वतःच राळ पोखरते. म्हणून खालचा थर आधीच मिळत्याजुळत्या रंगाचा घ्यायचा आणि वरच्या थरात पांढरं जेमतेम ठेवायचं, हा त्यावरचा मार्ग. काळ्या जहाजाला यातलं काही लागत नाही, थोडी काजळी सगळं झाकते.