मॉलची नोकरी: तासाचे किती, कापायचे किती आणि अर्ज कुठे करायचा

"तुले कितला पगार शे?" असं गावात कोणी विचारलं की मॉलमध्ये कामाला असलेली पोरं एकच आकडा सांगतात, हातात पडतो तो. किती तासांचा, कशातून काय कापून, हे सांगता येत नाही, कारण पगाराची स्लिप कधी पाहिलेलीच नसते. (सुपरमार्केटला आपल्याकडे मॉलच म्हणतात, मीही तसंच लिहितो.) जळगावात दीड वर्ष मी स्वतः बिलिंग काउंटरवर उभा राहिलोय आणि आता अमळनेरला सेवा केंद्र चालवतो. पीएफच्या (भविष्य निर्वाह निधी), ईएसआयच्या (कामगार राज्य विमा) आणि थकलेल्या पगाराच्या निमित्ताने धरणगाव, पारोळा, चोपड्याकडची पोरंपोरी माझ्याकडे येतात. त्यांना जे दर वेळी सांगतो तेच इथे लिहून ठेवतो.

आधी तासाचा हिशेब, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे.

दुकानं आणि व्यापारी आस्थापनांसाठी राज्य सरकार किमान वेतन ठरवतं. त्यासाठी राज्याची तीन परिमंडळं केलेली आहेत, म्हणून जळगाव शहरातला दर आणि एखाद्या लहान गावातला दर एकच असेल असं समजू नका. कामाचे वर्गही तीन आहेत: कुशल, अर्धकुशल, अकुशल. जुलै २०१९ च्या अधिसूचनेत परिमंडळ एकसाठी मूळ वेतन अकुशलला १०,०२१ रुपये आणि कुशलला ११,६३२ रुपये धरलं होतं. त्यावर विशेष भत्ता मिळतो आणि तो दर जानेवारीत व जुलैत बदलतो. मूळ अधिक विशेष भत्ता मिळून जो आकडा येतो त्याच्या खाली पगार देता येत नाही, मग कागदावर तुम्ही काहीही मान्य करून सही केलेली असो. चालू भत्त्याचा आकडा कामगार कार्यालयाच्या फलकावर पाहा किंवा तिथे विचारून घ्या. व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या तक्त्यांत दोन वर्षांपूर्वीचे आकडे असतात.

आता महिन्याचा दर तासावर कसा आणायचा? समजा तुमच्या वर्गाचा एकूण दर महिना १३,००० रुपये आहे. हा आकडा फक्त हिशेबासाठी घेतलाय. त्याला २६ ने भागा, दिवसाचे ५०० रुपये. ५०० ला ८ ने भागा, तासाचे ६२ रुपये ५० पैसे. पूर्णवेळ कामगाराचा हिशेब इथे थांबतो. अर्धवेळ कामगाराचा मात्र थांबत नाही, आणि हे फार थोड्यांना ठाऊक आहे: अधिसूचनेप्रमाणे अंशकालीन कर्मचाऱ्याच्या ताशी दरात १५ टक्के वाढ करायची असते. म्हणजे तासाचे ७१ रुपये ८८ पैसे. कॉलेज करून संध्याकाळी चार तास पॅकिंगला उभी राहणारी मुलगी महिन्यात २६ दिवस आली तर तिचे १०४ तास होतात आणि पगार ७,४७५ रुपयांच्या पुढे जातो. तिला बहुतेक ठिकाणी सांगतात, "अर्धा दिवस, अर्धा पगार," आणि हातावर ६,५०० ठेवतात. जवळजवळ पावणेदहाशे रुपये दर महिन्याला असेच राहून जातात.

जादा तासांचं गणित याहून मोठं. आठवड्याला ४८ तास ही मर्यादा आहे, त्यावरच्या तासांना दुप्पट दर. राज्याच्या दुकाने व आस्थापना कायद्यातल्या २०२५ च्या दुरुस्तीनंतर दिवसाला ९ ऐवजी १० तासांपर्यंत काम घेता येतं, पण आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत. "आता दहा तास कायदेशीर झाले," असं कोणी मॅनेजर ऐकवत असेल तर पुढचं अर्धं वाक्य तो गिळतोय. शटर खाली ओढल्यावर गल्ल्याची मोजणी, माल लावणं, एक्स्पायरी काढणं यात पाऊण तास जातो आणि तो कुठेच लिहिला जात नाही. रोजचा पाऊण तास म्हणजे महिन्याला साडेएकोणीस तास. वरच्या उदाहरणात दुप्पट दर १२५ रुपये धरला तर २,४३७ रुपये ५० पैसे होतात. म्हणून थम (अंगठ्याची हजेरी) लावून बाहेर पडायची वेळ आणि खरोखर बाहेर पडायची वेळ या दोन्ही एका छोट्या वहीत लिहीत जा, तारखेसकट, रोज. मी स्वतः हे कधी केलं नाही. नोकरी सोडताना माझे तास कुठेच नव्हते, मग मागणार काय?

पगारातून काय कापता येतं

कॅश शॉर्टेज. काउंटरवरच्या प्रत्येकाचं हेच दुखणं. दिवसाच्या शेवटी गल्ल्यात दोनशे कमी भरले की पगारातून दोनशे गेले, असा शिरस्ताच पडलाय. वेतन संहितेप्रमाणे (पगाराबद्दलचा केंद्राचा नवा कायदा) नुकसान भरून घेता येतं, पण तो पैसा किंवा माल तुमच्या ताब्यात दिलेला असावा, नुकसान थेट तुमच्या हलगर्जीपणामुळे झालेलं असावं आणि कापण्याआधी तुम्हाला बाजू मांडायची संधी मिळालेली असावी. एकाच गल्ल्यावर तीन जण आळीपाळीने बसत असतील तर शॉर्टेज सगळ्यांत वाटून टाकणं या नियमात बसत नाही. दंडाचीही मर्यादा आहे: त्या महिन्याच्या पगाराच्या ३ टक्क्यांपर्यंत, तोही आधी जाहीर केलेल्या कारणांसाठीच. आणि सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ नयेत.

पीएफ आणि ईएसआय कापले जाणं ही तक्रार नाही. कापून भरलं जात नाही, ही तक्रार.

पीएफ वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला लागू आहे. १५,००० पर्यंत पगार असेल तर तो बंधनकारक. तुमचे १२ टक्के, मालकाचे १२ टक्के, आणि मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के पेन्शनकडे जातात. मालकाचा हिस्साही तुमच्याच पगारातून वळता करून किमान वेतनाच्या खाली आणत असतील तर ते चुकीचं आहे. यूएएनला (पीएफचा तुमचा कायमचा क्रमांक) जोडलेल्या मोबाईलवरून ९९६६०४४४२५ वर मिस्ड कॉल द्या, शेवटचा भरणा मेसेजने येतो. ईएसआय दहा माणसांपासून आणि २१,००० पर्यंतच्या पगाराला: तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५ टक्के. तेरा हजारावर तुमचे सत्त्याण्णव रुपये पन्नास पैसे, आणि त्यात नवरा-बायको, मुलं, अवलंबून असलेले आईवडील यांचे उपचार. आजारपणाच्या रजेत ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के वेतन मिळतं, त्यासाठी सहा महिन्यांच्या वर्गणी काळात ७८ दिवसांची वर्गणी भरलेली लागते. बाळंतपणाला २६ आठवडे.

रुजू होताना लागणारी कागदपत्रं

आधार, पॅन, बँक पासबुक, दोन फोटो, शाळा सोडल्याचा दाखला. ईएसआयसाठी घरच्यांची आधार कार्डं आणि फोटो. आधी कुठे काम केलं असेल तर जुना यूएएन द्या. नवा काढून घेतलात की पुढे दोन खाती जोडत बसावं लागतं.

खरी अडचण नावाची येते, आणि ती मुलींची जास्त. दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, पासबुकावर तिसरंच. लग्नानंतर आपल्याकडे बऱ्याच घरांत मुलीचं पहिलं नावसुद्धा बदलतात, तेव्हा तर यूएएनवरची बाई आणि आधारवरची बाई वेगळ्याच ठरतात आणि पैसे काढायच्या वेळी अर्ज परत येतो. रुजू होण्याआधी आधार आणि पासबुक एका नावावर आणा. १ ऑक्टोबर २०१७ नंतरचा आणि आधारशी पडताळलेला यूएएन असेल तर नाव, जन्मतारीख मालकाकडे न जाता स्वतःच दुरुस्त करता येते. त्याआधीचा असेल तर मालकाबरोबरचं संयुक्त घोषणापत्र लागतं.

नेमणूकपत्र मागा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रम संहिता लागू झाल्या आहेत आणि नेमणूकपत्र देणं आता बंधनकारक आहे. त्यावर दोन गोष्टी वाचा. एक, पदाचं नाव. काम कॅशिअरचं आणि कागदावर "हेल्पर", असं असेल तर दर अकुशलचा लागतो. दुसरं, मालक कोण. पाटी मॉलची आणि नेमणूक नाशिक-पुण्याच्या एखाद्या ठेकेदाराची, हे सर्रास चालतं. ठेकेदाराने पगार बुडवला तर मूळ दुकानदार जबाबदार धरता येतो, पण अर्जात दोघांचीही नावं घालावी लागतात. शाम्पू-साबणाच्या कंपन्यांच्या प्रमोटर पोरींची मालक ती कंपनी किंवा तिची एजन्सी असते, मॉल नव्हे.

सुट्ट्या आणि बोनस

राज्याच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात आठवड्याची सुट्टी, वर्षाला ८ किरकोळ रजा आणि ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. २०२५ च्या दुरुस्तीनंतर हा कायदा वीस किंवा जास्त माणसांच्या आस्थापनांना लागतो, म्हणजे बहुतेक मोठे मॉल त्यात येतात. आठातल्या चार ठरलेल्या: २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी वर्ष सुरू होण्याआधी बोलून ठरवायच्या असतात. आपल्याकडे ते बोलणं होतच नाही, मुंबईहून यादी येते. त्या यादीत अखाजी (अक्षय्य तृतीया) नसते, कानबाईचा खानदेशी सण तर नसतोच. माहेरी जायचं म्हणून अखाजीला बिनपगारी रजा टाकणाऱ्या मुली मी पाहिल्यात. डिसेंबरात दहा-बारा जणांनी सह्या करून लेखी मागणी दिली तर ती नाकारायला मॅनेजरला कारण शोधावं लागेल.

रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती असली तरी सुरक्षेची व्यवस्था मालकाकडे. शहाद्याची शेवटची एसटी मालकाला ठाऊक नसते, त्यामुळे हे लेखीच सांगा.

बोनसबद्दल थोडक्यात: वर्षात ३० दिवस काम झालं असेल आणि पगार २१,००० पर्यंत असेल तर किमान ८.३३ टक्के. दिवाळीचा मिठाईचा पुडा यात धरत नाहीत. पाच वर्षं झाली की ग्रॅच्युइटी. ठरावीक मुदतीच्या करारावर असाल तर नव्या संहितेप्रमाणे एका वर्षानेच.

पैसे अडकले तर अर्ज

महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायचा असतो. नोकरी सोडली किंवा काढून टाकलं तर दोन कामाच्या दिवसांत. "क्लिअरन्स झाल्यावर पंचेचाळीस दिवसांनी" हे कंपनीचं पत्रक झालं, कायदा नव्हे.

आधी दुकानाकडे लेखी मागणी करा, ईमेलने किंवा हातोहात देऊन पोच घेऊन. आठ-दहा दिवसांत हालचाल नसेल तर जिल्ह्याच्या कामगार कार्यालयात जा. जळगावला आणि धुळ्याला सहायक कामगार आयुक्तांचं कार्यालय आहे. नंदुरबारकरांनी आपल्या जिल्ह्याच्या सरकारी कामगार अधिकाऱ्यांकडे जावं. साध्या कागदावर मराठीत अर्ज चालतो, वकील लागत नाही. अर्जात तुमचं नाव-पत्ता, दुकानाचा आणि ठेकेदाराचा पत्ता, पद, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, किती तास काम केलं, किती मिळालं, किती मिळायला हवं होतं आणि फरकाची बेरीज लिहा. "अन्याय झाला" यावर दोन पानं लिहिण्यापेक्षा बेरजेचा तक्ता बरा. साहेब आधी तोच पाहतात.

सोबत जोडा: आधारची प्रत, नेमणूकपत्र किंवा ओळखपत्र, पगार जमा झाल्याच्या नोंदींचं बँक पासबुक, स्लिपा असतील तर त्या, ड्यूटी लावल्याचे ग्रुपवरचे मेसेज छापून, आणि ती वेळांची वही. नेमणूकपत्र नसेल तर गणवेशातला दुकानातला फोटो आणि पासबुकातली जमा यांवरही काम केल्याचं दाखवता येतं. पगार पूर्ण दिला हे सिद्ध करायची जबाबदारी मालकावर असते, तुमच्यावर नाही. दावा तीन वर्षांच्या आत करता येतो. पूर्वी किमान वेतनाच्या दाव्याला सहा महिनेच मिळत, त्यामुळे जुन्या माणसांचं "आता उशीर झाला" ऐकून घरी बसू नका.

पीएफची तक्रार कामगार कार्यालयात देऊ नका, ती ईपीएफओच्या (पीएफ चालवणारी केंद्राची संस्था) तक्रार पोर्टलवर टाका. आपल्या तिन्ही जिल्ह्यांचं क्षेत्रीय कार्यालय नाशिकला आहे. दर महिन्याच्या २७ तारखेला जिल्ह्यात पीएफचं शिबिर भरतं, तिथे पासबुकाची प्रत घेऊन गेलात तर नाशिकची खेप वाचते. शिबिराची जागा महिन्यागणिक बदलते, आदल्या दिवशी चौकशी करून निघा.

अर्जाच्या तीन प्रती न्या. एक कार्यालयाला, एक मालकाला पाठवायला, आणि तिसरीवर आवक क्रमांकासह शिक्का मारून घेऊन घरी आणा.