काजूचं तेल म्हणजे इपॉक्सीतली भेसळ?

नवी मुंबईच्या रबाळे-महापे औद्योगिक पट्ट्यात इपॉक्सी फ्लोअरिंगची (दोन द्रव मिसळून ओतायच्या, मग कडक होणाऱ्या प्लास्टिकसारख्या थराची) कामं घेणारे हमखास सांगतात, "काजूवाला माल नको, तेल असतं त्यात, फ्लोअर मऊ पडतं." समज जुना आहे, आणि अर्धाच खरा.

इपॉक्सीत जातं ते काजूच्या टरफलातलं तेल, खाण्याचं नव्हे. हाताला लागलं तर कातडी भाजून सोलवटते. ते तापवून शुद्ध केलं की मिळतं कार्डेनॉल: फिनॉलचं कडं आणि त्याला 15 कार्बनांची लांब शेपटी. सगळी गंमत या शेपटीत आहे. साधं इपॉक्सी कडक असतं, पण ठिसूळ. जड पाना पडला की टवका उडतो. शेपटीमुळे रेझिनचं (इपॉक्सीतल्या मूळ चिकट द्रवाचं) जाळं थोडं लवतं, धक्का पचवतं आणि चीर सहज पुढे पळत नाही.

मग मऊ पडण्याची तक्रार कुठून आली? कार्डेनॉल नुसतंच ओतलं, तर बरंचसं जाळ्यात न गुंतता मोकळं राहतं. स्वस्ताईसाठी ते वाढवलं की फ्लोअर मऊ पडणारच. पण त्यापासून बनवलेलं फिनाल्कमाइन हे हार्डनर (रेझिनला कडक करणारा दुसरा द्रव) रेझिनशी रासायनिक बंधांनी जोडलं जातं. थंड, दमट हवेतही ते नीट सुकतं, म्हणून तर जहाजांच्या रंगांत रुळलंय. खाडीकाठच्या आपल्या पावसाळ्यात आणखी काय हवं?

फुकट मात्र काही नाही: लवचिकता वाढते तशी उष्णता सोसण्याची मर्यादा सहसा खाली येते. भट्टीशेजारच्या फ्लोअरसाठी हे विक्रेत्याला विचारूनच घ्या. आणि वनस्पतीचं आहे म्हणून कुजेल, ही भीती तर निव्वळ हवेतली.