साखरेवरची झाडपाल्याची औषधं (बडोदा)

मधुमेहात रक्तातली साखर आटोक्यात राहावी म्हणून घरोघरी घेतल्या जाणाऱ्या वनस्पती, म्हणजे मेथीदाणे, कारलं, जांभळाच्या बिया, गुडमार, विजयसार, आवळा-हळद वगैरे. ही नावं देशभर तीच आहेत, पण बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा बाजूच्या मराठी घरांत या यादीत हमखास वर असतो तो मामेजवो, आणि पुण्या-मुंबईहून आलेल्या पाहुण्यांनी बऱ्याचदा त्याचं नावही ऐकलेलं नसतं.

मामेजवो हे चिराइताच्याच कुळातलं वीतभर उंचीचं झुडूप, पावसाळ्यात माळावर, शेताच्या बांधावर उगवतं, पानं अरुंद आणि समोरासमोर, पानांच्या बेचक्यात पांढऱ्या फुलांचे झुबके. अख्खं झाड मुळासकट वाळवून वापरतात, काष्ठौषधींच्या दुकानात त्याचं चूर्ण मिळतं आणि ज्यांना ते कडू जातच नाही त्यांच्यासाठी घनवटी, म्हणजे आटवलेल्या काढ्याची गोळी, मिळते. कडूपणा असा की चूर्ण जिभेवर ठेवलं तर नंतरचा चहासुद्धा कडू लागतो. या झाडावर बडोद्यातच काम झालंय ही अभिमानाची गोष्ट, महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या बायोकेमिस्ट्री डिपार्टमेंटने २००२ च्या सुमारास उंदरांवर प्रयोग छापले, त्यात झाडाच्या पाण्यातल्या अर्काने साखर उतरली आणि स्वादुपिंडातून इन्सुलिन सुटायला मदत होते असं दिसलं. मात्र उंदरांवरच्या या कामावरून तुमच्या आजीची गोळी बंद करता येत नाही, हे इथे ठासून सांगायला पाहिजे, कारण दुकानाच्या काउंटरवर नेमकं उलटं सांगणारे लोक भेटतात.

विजयसार म्हणजे आपला बिबळा, गुजरातीत बियो, डांगच्या जंगलातलं मोठं झाड. त्याच्या लाकडाचा पेला मिळतो, रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी उपाशीपोटी प्यायचं. सकाळी पाणी चहासारखं तांबूस झालेलं असतं आणि उजेडात धरलं की कडेला निळसर झाक दिसते, काही आठवड्यांनी रंग उतरायचा थांबला की पेला संपला समजायचं, तरी लोक वर्षभर तोच पेला वापरतात आणि साधं पाणीच पीत राहतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या अभ्यासात (१९९८) नव्याने मधुमेह निघालेल्या ९७ पेशंटना विजयसार दिलं, १२ आठवड्यांत ६७ जणांची साखर आटोक्यात आली. पण त्यात तुलनेला दुसरा गट नव्हता, आणि तिथे अर्क रोज २ ते ४ ग्रॅम मोजून दिलेला होता, पेल्यातल्या पाण्यात किती उतरतं ते कोण मोजणार.

मेथीची गोष्टही मापावरच अडते. मेथीदाण्यात विरघळणारा चोथा भरपूर असतो, तो पोटात बुळबुळीत होऊन साखर रक्तात जायचा वेग कमी करतो, इतकं पक्कं आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अभ्यासात रोज २५ ग्रॅम मेथीपूड दिली होती. आपण रात्री चमचाभर दाणे भिजत घालतो, ते होतात चार-पाच ग्रॅम, आणि वर सकाळी सेव-उसळीबरोबर दोन पाव जास्त, मग मेथीने काय करायचं?

गुडमार म्हणजे मधुनाशिनी, मराठीत बेडकीचा पाला. पान चावलं की त्यातलं जिम्नेमिक ॲसिड जिभेची गोडाची जाण अर्धा-पाऊण तास बंद करतं, तेवढ्यात पेढा खाल्ला तर तोंडात वाळू आल्यासारखं वाटतं. ज्यांना गोडाचा मोह सुटत नाही त्यांना याचा खरा उपयोग होतो.

आवळा आणि हळद ही जोडी जुनी, वाग्भटाच्या अष्टांगहृदय या जुन्या आयुर्वेदग्रंथात प्रमेहावर, म्हणजे मधुमेह ज्यात धरतात त्या लघवीच्या विकारांवर, हीच सांगितलीय. थंडीत बडोद्याच्या भाजीबाजारात ओली हळद आणि आंबेहळद ढिगाने येते, मराठी घरांत तेव्हा आवळ्याच्या रसात ओली हळद किसून घेतात. चैत्रात पाडव्याला आपण कडुनिंबाची चटणी खाऊन मोकळे होतो आणि गुजराती शेजारी महिनाभर लिमड्याच्या, म्हणजे कडुनिंबाच्याच, मोहराचा रस पितात, बरीच मराठी घरं आता त्यांच्याबरोबर पितात. जांभळाच्या बिया वाळवून केलेली पूड कुणाच्या ना कुणाच्या बरणीत असतेच, पण तिच्याबद्दल मानवी पुरावा तोकडा आहे.

डॉक्टरी औषध आणि झाडपाला यांत वैर आहे असं समजू नये. मधुमेहाच्या नेहमीच्या गोळीची, मेटफॉर्मिनची वाट युरोपातल्या गलेगा नावाच्या झाडावरूनच निघाली, १९५७ मध्ये फ्रान्सच्या झाँ स्टर्न यांनी ते पेशंटवर वापरल्याचं प्रसिद्ध केलं. फरक एवढाच की गोळीत किती मिलिग्रॅम आहे ते छापलेलं असतं.

धोके मात्र नीट समजून घ्या. ग्लिमेपिराइडसारखी इन्सुलिन वाढवून साखर उतरवणारी गोळी चालू असताना वरून कारल्याचा रस आणि मामेजवो सुरू केला तर साखर ७० च्या खाली जाऊ शकते, घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी, आणि घरचे म्हणतात अशक्तपणा आहे. म्हणून जे काय घेता ते डॉक्टरांना सांगा, आणि ग्लुकोमीटरवर मोजत राहा. टाइप १ मध्ये, म्हणजे शरीरात इन्सुलिन जवळजवळ बनतच नाही त्या मधुमेहात, इन्सुलिन सोडणं म्हणजे जिवाशी खेळ, तिथे कुठलाही पाला चालत नाही. गरोदर बाईने हे प्रयोग करू नयेत. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायलाच १९५४ च्या चमत्कारी उपायांच्या कायद्याने बंदी आहे, त्यामुळे 'मुळापासून बरा' लिहिलेली पुडी दिसली तर घेऊच नका, अशा पुडीत कधी कधी ॲलोपॅथीची गोळी कुटून घातलेली सापडते.

बडोद्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरणाऱ्यांत दुधीच्या रसाचं वेडही बरंच आहे. तो रस काढायच्या आधी दुधीचा तुकडा चाखून बघावा, कडू लागला तर अख्खी दुधी टाकून द्यावी, त्या कडूपणात विषारी क्युकरबिटॅसिन असतं आणि त्याने माणसं दगावली आहेत.